दुचाकीची दुसरी चावी गाडीतच लपवली तर चोरीचा विमा मिळतो का?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या पेडण्याचे एक वाचक रोज स्कूटरने पर्वरीला कामाला जातात. रविवारी मोरजीला पोहायला गेले, बर्मुड्याच्या खिशातली चावी लाटेत गेली आणि गाडी टेंपोत घालून घरी आणावी लागली. आता चुंबकाची छोटी डबी आणून दुसरी चावी गाडीच्याच खाली कुठेतरी चिकटवून ठेवायचा त्यांचा विचार आहे. गाडी बायकोही चालवते, घरात अकरावीतला भाचा आहे, म्हणून जागा सगळ्यांना सांगून ठेवणार. मित्र म्हणतो, असं केलंस आणि गाडी चोरीला गेली तर विम्याचा एक पैसा मिळणार नाही. खरं आहे का?

मित्राचं म्हणणं अर्धंच खरं आहे. चावी लपवली एवढ्यावरून दावा साफ बुडतो असं नाही. पण तिच्यामुळे तुम्ही दोन ठिकाणी अडकू शकता, आणि मित्राने दोन्हींचा विचार केलेला दिसत नाही. वाहन विम्याचे दावे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो, त्यामुळे कंपनीचा माणूस घरी येऊन काय विचारतो आणि काय बघतो ते सांगतो.

त्याच्याही आधी पॉलिसीचा कागद काढा आणि चोरीचा विमा मुळात चालू आहे का ते बघा. थट्टा करत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याला जोडून येणारा ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपतं, फोनवर मेसेज येतात, आणि आपण ‘पाच वर्षांचा भरलाय की’ म्हणून ते पुसून टाकतो. चोरी, आग, पुराचं पाणी, आपटून मोडलेली गाडी, हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं. नुसत्या थर्ड पार्टीवर गाडी गेली तर दुसरी चावी मडगार्डखाली होती की बँकेच्या लॉकरमध्ये, याने काही फरक पडत नाही. कंपनी काही देत नाही आणि त्यात तिचं चुकतही नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणारे कितीतरी जण याच पायरीवरून परत जातात.

ओन डॅमेज चालू आहे असं धरू. दुसरी चावी गाडीत ठेवू नये, असं वाक्य दुचाकीच्या पॉलिसीत सहसा सापडणार नाही. असते ती एक साधी अट: गाडीचं नुकसान होऊ नये, ती जाऊ नये, म्हणून मालकाने सर्व वाजवी काळजी घ्यावी. वाजवी म्हणजे किती हे लिहिलेलं नाही, आणि भांडणं होतात ती तिथेच.

आपल्याकडे पोसऱ्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या दुकानावर, पाव आणायला जाताना स्कूटरला चावी तशीच लटकवून उतरायची जुनी सवय आहे. गावात सगळे ओळखीचे, कोण नेणार, असा हिशेब. कंपनीच्या लेखी हा उघड निष्काळजीपणा. असंच एक ट्रकचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं, निकाल २०२३ चा. चालक चावी गाडीतच ठेवून पत्ता विचारायला उतरला आणि तेवढ्यात ट्रक पळवला गेला. कंपनीने दावा नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं, ही चूक असली तरी अख्खा दावा बुडवण्याइतकी ती मोठी नाही, आणि ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. विम्याच्या कचेऱ्यांत याला ‘नॉन-स्टँडर्ड’ तोडगा म्हणतात.

तुम्ही निदान हँडल लॉक केलंय, रोजची चावी खिशात आहे आणि दुसरी नजरेला पडत नाही. लटकत्या चावीपेक्षा तुमची बाजू नक्की बरी. तरी पूर्ण रक्कम विनातक्रार मिळेल असं मी म्हणणार नाही. समजा गाडीचा आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ६०,००० आहे. दुचाकीची सक्तीची वजावट १०० रुपये गेल्यावर ५९,९०० मिळायला हवेत. ७५ टक्क्यांवर तुटलं तर हाती पडतात साधारण ४५,०००. शिवाय ते पदरात पडेपर्यंतचे हेलपाटे वेगळे. मित्र म्हणतो तसा ‘एक पैसा नाही’ हा शेवट नव्हे, पण पंधरा हजार म्हणजे काही थोडे नव्हेत.

यापेक्षा मोठा घोळ होतो तो चाव्यांचा हिशेब देताना. चोरीच्या दाव्यात कंपनी आरसी मागते, एफआयआरची प्रत मागते, गाडी सापडली नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल मागते, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे सही केलेले २८, २९, ३० नंबरचे फॉर्म, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, आणि गाडीच्या सगळ्या चाव्या. शोरूममधून दोन मिळाल्या असतील तर दोन्ही. तपासणारा माणूस चाव्या नुसत्या मोजत नाही, हातात घेऊन बघतो. रोजच्या चावीच्या दातांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात, कड्याच्या भोकापाशी ओरखडे असतात, डोक्यावरचं प्लास्टिक अंगठ्याने घासून चकाकतं. कपाटातली दुसरी जवळजवळ कोरी असते. अशी जोडी टेबलावर आली की दाव्यातली निम्मी शंका तिथेच मिटते. एकच चावी आली की पहिला प्रश्न ठरलेला: दुसरी कुठे आहे? आणि तुमचं खरं उत्तर असणार, ‘गाडीबरोबर गेली.’

इथे माणसं घाबरतात आणि नको ते करतात. बार्देशातल्या एका गृहस्थांची स्कूटर म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेली. दुसरी चावी डिकीत, हत्यारांच्या पिशवीत होती. कुणीतरी शहाण्याने सांगितलं, चावीवाल्याकडून एक बनवून घे आणि दोन्ही देऊन टाक, कोण बघतंय? बघितलं. दुसऱ्या चावीच्या दातांवर कटरच्या आडव्या ताज्या रेषा होत्या, पात्यावर कंपनीची खूण नव्हती. त्या गाडीच्या मूळ चावीच्या टोकाला कुलपाच्या भोकावरचं शटर उघडायचं चुंबकी षटकोनी टोक असतं, ते या चावीला नव्हतंच. आणि गंमत म्हणजे, रोजची झिजलेली चावी समोर ठेवून ही कापलेली, त्यामुळे पहिलीची झीज दुसरीत जशीच्या तशी उतरली होती. गाडी खरोखर चोरीला गेली होती, त्याबद्दल मला शंका नव्हती. पण दाव्यात खोटी वस्तू पुरावा म्हणून दिली की प्रकरण निष्काळजीपणाचं राहत नाही, फसवणुकीचं होतं, आणि तिथे ७५ टक्क्यांची सवलत मागायला तोंड उरत नाही. दावा गेला. चावी डिकीत होती एवढं सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

तुमची सध्याची अडचण नेमकी हीच आहे, आणि डबी अजून विकत घेतलेलीही नाही. तुमची एक चावी समुद्रात गेली. म्हणजे उद्या गाडी गेली तर कंपनीला द्यायला आजच तुमच्याकडे एकच चावी आहे. तेव्हा पोलीस स्थानकात चावी हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्या. विमा कंपनीला दोन ओळींचा ईमेल टाका: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी चावी हरवली. डीलरकडून नवी चावी करून घ्या आणि बिल जपून ठेवा. नव्या गाडीच्या चाव्यांबरोबर बहुधा नंबर कोरलेला छोटा पत्रा येतो. तो कुठे पडलाय ते शोधा आणि फोटो काढून ठेवा, म्हणजे डीलरचं काम सोपं होतं. लाटेत गेलेली चावी कुणाच्या हाती लागून उपयोगाची नाही, त्यामुळे अख्खा लॉक सेट बदलायची गरज मला वाटत नाही. हीच चावी हरमलच्या पार्किंगमध्ये किंवा कामाच्या जागी हरवली असती तर मी लॉक सेट बदलाच म्हणालो असतो, आणि त्याचं बिल तर ‘वाजवी काळजी घेतली’ याचा उत्तम पुरावा ठरतं.

आता ती डबी. स्कूटरला बाहेरून हात लावाल तिथे प्लास्टिक; चुंबक धरतं ते खालच्या लोखंडी चॅसीला, जिथे चिखल आणि पाणी सगळ्यात जास्त. ॲल्युमिनियमला ते चिकटतच नाही. जून ते सप्टेंबर आपल्या रस्त्यांवरचे खड्डे, वर किनाऱ्यावरची खारी हवा. एका दाव्यात गाडी सापडून परत आली तेव्हा अशी डबी मी मागच्या चाकाच्या वरच्या चॅसीवरून काढली होती. झाकण गंजून इतकं बसलं होतं की पेचकसाने उचकटावं लागलं. आत चावी होती आणि तिच्यावर हिरवट थर. चोराला ती सापडली नव्हती, आणि मालकालाही गरजेला ती काढता आली नसती. डबी सुटून पडली तर कधी आणि कुठे पडली याचा पत्ता लागत नाही. गाडी उभी असताना पडली तर उचलणाऱ्याला कुलूप शोधायला लांब जावं लागत नाही.

लपवायच्या जागाही सगळ्यांना त्याच सुचतात: नंबरप्लेटच्या मागे, मडगार्डच्या आत, पुढच्या कप्प्यात चिंधीखाली. डिकीत ठेवण्याला तर अर्थच नाही, कारण ती उघडायला तीच चावी लागते. डिकीवरून आणखी एक: लपवलेल्या चावीने कुणी डिकी उघडून हेल्मेट, फोन, पाकीट नेलं आणि गाडी तशीच ठेवली, तर दुचाकीच्या विम्यातून काही मिळत नाही. गाडीच्या जोडसामानाची चोरी गाडीसकट झाली तरच विचारात घेतात आणि तुमचा फोन तर जोडसामानातही मोडत नाही. मूळ आरसी डिकीत ठेवणारे अजून आहेत. डिजिलॉकरमधली किंवा एमपरिवहनवरची प्रत रस्त्यावर चालते. मूळ कागद घरीच असू दे.

गाडी बिनचावीची, म्हणजे स्मार्ट की वाली असेल तर हा विचारच डोक्यातून काढा. तिचा रिमोट गाडीवर लपवला म्हणजे मालक सदैव गाडीजवळ उभा आहे असं गाडीला वाटतं. येणाऱ्या-जाणाऱ्याने बटण फिरवलं की काम झालं. रिमोट फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची युक्ती लोक सांगतात. फॉइल एका कोपऱ्याला फाटलं की संपलं. इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न करणारी यंत्रणा, असलेल्या गाडीचंही तेच: चोराला अडवणारी चिप तुम्ही स्वतःच त्याच्या हातात देता.

दुसरी अडचण भाच्याची. मला चोरापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. चोरीत नुकसान फार तर गाडीच्या किमतीएवढं. पण ‘चावी मागच्या चाकाच्या वर आहे’ हे अकरावीतल्या मुलाला सांगून ठेवलंत आणि एखाद्या दुपारी तो मित्राला मागे बसवून निघाला, तर? २०१९ च्या दुरुस्तीने मोटर वाहन कायद्यात कलम १९९ए आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, बारा महिने गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मालकाला सुटका हवी असेल तर हे आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. चावीची जागा तुम्हीच घरात सांगितली असेल तर काय सिद्ध करणार? अपघातात कुणी जखमी झालं तर बिनपरवान्याच्या चालकामुळे कंपनीने त्या माणसाला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायाधिकरणं नेहमी देतात. त्या रकमा लाखांत असतात. भाचा साधा मुलगा असेल, मी नाही म्हणत नाही. अकरावीत आपणही साधेच होतो.

किनारपट्टीवर चावी लपवण्याचं आणखी एक कारण असतं, ते कुणी बोलून दाखवत नाही. घरी उतरलेल्या पाहुण्यांना पांढऱ्या पाटीची गाडी ‘घेऊन जा हो, चावी अमुक ठिकाणी आहे’ म्हणून द्यायची आणि वर रोजचे चारपाचशे घ्यायचे. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात, विमाही त्याच वापराचा लागतो. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. शिवाय तो पाहुणा गाडी घेऊन पत्रादेवीच्या पलीकडे, म्हणजे राज्याच्या हद्दीबाहेर, गेला तर ती चोरी की विश्वासघात, यावर कंपनी वाद घालते. तुमचा हा प्रश्न नाही. पण वाचणाऱ्यांत कुणाचा असेल.

मग करायचं काय? दुसरी चावी गाडीपासून दूर, पण तुमच्या वाटेवर ठेवा. तुमच्या बाबतीत पर्वरीच्या कचेरीतलं कुलपाचं ड्रॉवर ही सगळ्यात चांगली जागा; गाडीची घरी असणारी चावी बायकोकडे. किनाऱ्यावर जाताना चावी खिशात नकोच. गळ्यात घालायची पाणी न शिरणारी पिशवी मिळते, ती पुरते, मात्र स्मार्ट की असेल तर ती घेऊन पाण्यात उतरू नका, शॅकवर ओळखीच्या माणसाकडे द्या. एवढं सांगूनही गाडीवर चावी ठेवायचीच असेल तर तेवढ्या सहलीपुरतीच ठेवा, आणि पुढच्या चाकाला डिस्क लॉक घाला ज्याची चावी तिथे लपवलेली नाही. डिस्क लॉकचं बिल ठेवा. चोरीनंतर तुमच्या बाजूने बोलायला ते उपयोगी पडतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. विकणारा ‘दुसरी चावी शोधून देतो’ म्हणतो आणि कधीच देत नाही. किती चाव्या मिळाल्या ते विक्रीच्या कागदावर लिहून घ्या, आणि जमलं तर लॉक सेट बदला. त्या दुसऱ्या चावीने कोण काय करील सांगता येत नाही. विमा आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो. जुन्या मालकाच्या नावावर ओन डॅमेज तसाच पडून राहिला तर चोरीच्या वेळी चाव्यांचा प्रश्न येण्याआधीच दावा अडतो.

गाडी गेलीच तर पहिलं काम पोलिसांचं: ११२ वर फोन आणि त्याच दिवशी तक्रार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी जवळच्या पोलीस स्थानकाने तक्रार घ्यायची आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. जबाब देताना दुसरी चावी गाडीवर लपवलेली होती हे तिथेच सांगा. एफआयआरमध्ये एक आणि कंपनीच्या फॉर्मवर दुसरं, असं झालं की तपासणारा त्या फटीतच बोट घालतो. कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. पोलिसांकडे लगेच तक्रार केलेली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०२० मध्ये सांगितलंय. पण तो आधार कोर्टात वापरायचा, मुद्दाम उशीर करायला नव्हे. वाहतूक खात्यालाही पत्र द्या, म्हणजे गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढणार नाही.

कंपनीने तरीही ‘वाजवी काळजी घेतली नाही’ म्हणून नकार दिला तर तो नकार लेखी घ्या, तोंडी ऐकून परत येऊ नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज, त्यात २०२३ च्या निकालाचा उल्लेख आणि ‘निदान नॉन-स्टँडर्ड तत्त्वावर द्या’ अशी स्पष्ट मागणी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. गोव्यासाठी ते पुण्याचं कार्यालय आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही. वर्षाच्या आत जा. त्याऐवजी ग्राहक आयोगात जायचं असेल तर तो रस्ताही मोकळा आहे, पण एकच प्रकरण दोन्हीकडे चालत नाही, तेव्हा आधी ठरवून घ्या.